छोट्या ट्रॅक्टरने लॉन कापताना हिरवळ कशी वाचवायची: तयारीपासून दुरुस्तीपर्यंत

नाशिक, पुणे, सांगली या पट्ट्यांत मंगल कार्यालयांच्या लॉन्सवर, रिसॉर्टवर, कॉलेजच्या मैदानांवर गवत कापायला आता १५ ते २५ एचपीचे छोटे ट्रॅक्टर सर्रास लावले जातात. बागेत फवारणीसाठी घेतलेला ट्रॅक्टर दारात उभाच असतो. मागे मोवर, म्हणजे गवत कापायचं यंत्र, जोडला की काम झालं, असं वाटतं. आठवड्याभरात हिरवळीवर दोन समांतर पिवळे पट्टे उमटतात, वळणांच्या जागी अर्धगोल टक्कल पडतं, आणि माळी पात्याला दोष देतो.

पात्याने केलेलं नुकसान पंधरा दिवसांत भरून येतं. चाकाने केलेलं नुकसान महिनोन्‌महिने राहतं, कारण ते पानाला नाही तर मातीला आणि मुळांना झालेलं असतं. म्हणून या लेखात निम्म्याहून जास्त मजकूर ट्रॅक्टर लॉनवर जाण्याआधीच्या कामांचा आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. जमीन ओली आहे हे मोवर जोडून, डिझेल भरून, माणूस बोलावून झाल्यावर कळलं, तर कोणीही परत फिरत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. लॉन १० गुंठ्यांपेक्षा लहान असेल, मधे झाडं, कारंजी, दिव्यांचे खांब असतील, तर ट्रॅक्टर आणूच नका. तिथे सरळ पट्टा कमी आणि वळणंच जास्त होतात. हाताने ढकलायचा मोवर तिथे हिरवळीसाठीही बरा आणि वेळेतही फार मागे पडत नाही.

## टप्पा १: वाफसा आहे का ते पाहा

शेतात वाफसा, म्हणजे माती ओलसर पण न चिकटणारी, आल्याशिवाय आपण औत घालत नाही. लॉनला तोच नियम आहे, पण तिथे तो हमखास विसरला जातो, कारण वरून सगळं हिरवं आणि कोरडं दिसतं. ओल्या मातीवर चाक गेलं की मातीतली हवेची पोकळी दाबली जाते. पाणी खाली झिरपत नाही, मुळांना हवा मिळत नाही, आणि त्या पट्ट्यातलं गवत हळूहळू पातळ होत जातं. काळ्या मातीत हे सर्वात वाईट. लाल माती किंवा मुरमावर केलेली लॉन बरीच सहनशील असते.

पाणी कधी बंद करायचं? लाल माती किंवा मुरूम खाली असेल तर कापणीच्या आधी एक पूर्ण दिवस, काळी माती असेल तर दोन ते तीन दिवस. रोज दहा मिनिटं स्प्रिंकलर चालवण्याची सवय असेल तर जास्तच सांभाळा. अशा लॉनचा वरचा दोन इंचांचा थर कायम मऊ असतो.

तीन तपासण्या करा, आणि त्या एकाच जागी नाही, तर सावलीत, उताराच्या तळाशी आणि व्हॉल्व्हच्या आसपास वेगवेगळ्या करा:

- खुरप्याने तीन-चार इंच खोलवरची माती काढून मुठीत दाबा. गोळा होऊन बोटाने ढकलल्यावर फुटला तर ठीक. बोट रुतलं, गोळा चिकट राहिला, तर नाही.
- एका पायाच्या टाचेवर पूर्ण भार देऊन गर्रकन फिरा. गवत सरकून माती दिसली, तर ट्रॅक्टरचं चाकही तेच करणार.
- दोन्हींत पास झालं तरच ट्रॅक्टर लॉनच्या कडेला आणून मागची चाकं हातभर आत घाला आणि मागे घ्या. टायरच्या दातांचा ठसा गवतावर दिसेल, ते चालेल. बोटाच्या पेराएवढी चाकोरी पडली तर परत न्या.

थांबा. सकाळी दंव असताना कापू नका. ओलं पान चाकाखाली घसरतं, मोवरच्या आत चिकटून थर बनतो आणि गोळे बनून लॉनवर पडतं. थंडीत दंव वाळायला सहज दहा-साडेदहा वाजतात. उन्हाळ्यात भर दुपारी कापू नका. चार वाजल्यानंतरची वेळ चांगली.

पावसाळ्यात वाफसा आठ-आठ दिवस येत नाही आणि गवत मात्र बोटभर वाढत राहतं. या काळात माणसं धीर सोडतात. माझं मत स्पष्ट आहे: वाढू द्या. उंच झालेलं गवत दोन-तीन कापण्यांत पुन्हा ताब्यात येतं, ओल्या मातीतली चाकोरी येत नाही. लोणावळा, महाबळेश्वर, कोकण अशा भागांत तर जुलै-ऑगस्टमध्ये ट्रॅक्टर शेडमध्येच ठेवा आणि ज्या भागात पाहुणे येतात तेवढाच हातमोवरने किंवा ब्रश कटरने राखा.

## टप्पा २: ट्रॅक्टर हलका करा, धुवा, तपासा

शेतात नांगरट-रोटाव्हेटरसाठी ट्रॅक्टर जड केलेला असतो. लॉनसाठी नेमकं उलट लागतं.

टायरमधलं पाणी. पकड यावी म्हणून मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची पद्धत आपल्याकडे आहे. छोट्या ट्रॅक्टरमध्येही त्यामुळे वजन चांगलंच वाढतं, आणि ते थेट चाकाखाली येतं. लॉनच्या कामाला पाणी काढून हवा भरा. मागच्या चाकांवरची लोखंडी वजनंही उतरवा.

पुढची वजनं मात्र डोळे झाकून काढू नका. मागे मोवर उचलला की ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं. मोवर पूर्ण उचलून अगदी हळू चालवा आणि स्टिअरिंग वळवून पाहा. पुढची चाकं घसरत सरळच जात असतील तर पुढचं वजन लागणारच आहे. हे सपाट आणि कडक जागेवर तपासा, लॉनवर नाही.

टायर. शेतीच्या टायरचे उंच तिरके दात चिखलात पकड धरण्यासाठी असतात. हिरवळीवर ते धावे, म्हणजे जमिनीलगत पसरणाऱ्या काड्या, उपटतात, विशेषतः वळताना. लॉनसाठी बुटक्या, दाट नक्षीचे रुंद टर्फ टायर मिळतात. वर्षभर लॉनचंच काम असेल तर तो खर्च करा. अधूनमधून काम असेल तर नव्या कोऱ्या शेती-टायरपेक्षा घासून बुटके झालेले टायर हिरवळीला कमी त्रास देतात. पण त्यांची पकडही कमी असते, म्हणून ते सपाट लॉनवरच वापरा.

हवा. रस्त्यावर ट्रॉली ओढताना टायर कडक ठेवलेले असतात. तसाच ट्रॅक्टर लॉनवर आणला की सगळा भार टायरच्या मधल्या अरुंद पट्ट्यावर येतो. टायरच्या कंपनीने त्या वजनाला जो किमान दाब दिला असेल तिथपर्यंत हवा कमी करा. शेतातल्या कामाला मागच्या टायरमध्ये साधारण १२ ते १४ पीएसआय ठेवतात, लॉनवर त्याहून जास्त ठेवायचं कारण नाही. किमान दाबाच्या खाली मात्र जाऊ नका, टायर रिमवर फिरतो. हवा सकाळी, टायर थंड असताना मोजा, आणि डाव्या-उजव्या टायरचा दाब अगदी सारखा ठेवा. पोटाखाली बसणारा मोवर असेल तर दोन पीएसआयच्या फरकानेही तो एका बाजूला झुकून कापतो.

फोर व्हील आणि डिफ लॉक. फोर व्हील ट्रॅक्टरमध्ये पुढची चाकं मागच्यांपेक्षा किंचित जास्त ओढतात. चिखलात ते उपयोगी, पण लॉनवर वळताना तीच चाकं गवत खरवडत जातात. सपाट लॉनवर फोर व्हीलचा लिव्हर काढलेला असू द्या. उतारावर मात्र तो लावा, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक मागच्याच चाकांना असतात आणि उतरताना चारही चाकांचा आधार हवा असतो. डिफ लॉकला, म्हणजे मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणाऱ्या पॅडलला, लॉनवर पाय लावायचाच नाही.

ब्रेक. शेतात बांधाजवळ एका बाजूचा ब्रेक दाबून जागच्या जागी वळायची सवय असते. ती एक सवय लॉनचं सर्वात जास्त वाटोळं करते. दोन्ही ब्रेकचे पॅडल जोडायची पट्टी लावूनच आत शिरा, म्हणजे चालकाचा पाय सवयीने गेला तरी नुकसान होणार नाही.

धुणं. शेतातून आलेल्या टायरला चिकटलेल्या मातीत लव्हाळ्याच्या गाठी आणि गाजर गवताचं बी असतं. लव्हाळा एकदा लॉनमध्ये शिरला की निघता निघत नाही. टायर, मडगार्डच्या आतली बाजू आणि मोवर लॉनपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला धुवा.

तपासा. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरखाली जुना पुठ्ठा ठेवा. सकाळी त्यावर तेलाचे थेंब दिसले तर आधी गळती काढा. हायड्रोलिक तेल किंवा डिझेल पडलं की तेवढ्या जागेतलं गवत जळतं आणि मातीच बदलावी लागते. डिझेल नेहमी पेव्हर ब्लॉकवर किंवा मुरमावर उभं राहून भरा.

## टप्पा ३: मोवर लावा आणि नीट बसवा

पहिली चूक यंत्र निवडतानाच होते. बागेतलं तण कापायचा स्लॅशर म्हणजे लॉन मोवर नव्हे. स्लॅशरची जाड, बोथट पाती आपटून गवत तोडतात. तिथे काडी-झुडूप मोडायचं असतं. लॉनला तीन धारदार पात्यांचा, स्वतःच्या चार छोट्या चाकांवर चालणारा फिनिशिंग मोवर लागतो, किंवा ट्रॅक्टरच्या पोटाखाली बसणारा मोवर.

रुंदी ठरवताना ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरचं बाहेरून बाहेर अंतर मोजा. मोवरची कापणारी रुंदी त्याहून दोन्ही बाजूंना थोडी जास्त हवी. नाहीतर चाकाने दाबलेलं गवत पात्याखाली येत नाही, दुसऱ्या दिवशी उभं राहतं आणि लॉनवर रेघा दिसतात. १५ ते १८ एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी मोवर पुरे. पाच फुटी लावला तर दाट गवतात इंजिन दबतं, पाती मंदावतात आणि गवत कापण्याऐवजी ओरबाडलं जातं.

थांबा. पुढचं काम पात्यांचं आहे. ट्रॅक्टर बंद, पीटीओ (इंजिनची ताकद मोवरला देणारा फिरता दांडा) काढलेला, किल्ली खिशात, आणि उचललेल्या मोवरखाली लाकडी ठोकळे. नुसत्या लिफ्टच्या भरवशावर खाली हात घालू नका.

पातं बोथट आहे का, हे पात्याकडे पाहण्यापेक्षा गवताकडे पाहून लवकर कळतं. कापल्यावर दोन दिवसांनी पानाचं टोक हातात घ्या. टोक सरळ कापलेलं असेल तर धार आहे. फाटून पांढरट तंतू लोंबत असतील तर नाही. अशी लॉन लांबून करडी दिसते आणि लोक पाणी वाढवत बसतात. धार लावताना मूळ कोन बदलू नका. धार लावल्यावर पातं मधल्या भोकात खिळा घालून अडकवा. एक टोक खाली गेलं तर त्या बाजूचं लोखंड अजून थोडं घासा. असंतुलित पात्यामुळे बेअरिंग जातं आणि कापही लाटांसारखा होतो. पातं परत बसवताना मागची वर वळलेली बाजू मोवरच्या छताकडे हवी. उलटं बसवलेलं पातं फिरतं, आवाजही करतं, फक्त कापत नाही. आठ-दहा तासांच्या कामानंतर धार तपासा. रेती घातलेल्या लॉनवर त्याआधीच.

आता लेव्हल. हे काम कोबा किंवा पेव्हरवर करा, आणि टायरची हवा आधी झालेली हवी. क्रम उलटा केलात तर सगळं परत करावं लागेल. पातं आडवं फिरवून डाव्या टोकापासून जमिनीपर्यंत मोजा, मग उजव्या. दोन्ही सारखे हवेत. नंतर पातं पुढे-मागे फिरवून मोजा. पुढचं टोक मागच्यापेक्षा सहा ते दहा मिलिमीटर खाली हवं, म्हणजे गवत एकदाच कापलं जातं. माप पात्याच्या टोकापासून घ्यायचं, मोवरच्या पत्र्यापासून नाही. पत्रा वाकलेला असतो.

फिनिशिंग मोवर लिफ्टवर लटकत ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक. रोटाव्हेटरची सवय असल्याने चालक लिव्हर मधे कुठेतरी धरून उंची ‘जमवतो’. त्यामुळे मोवरचा भार मागच्या टायरवर येतो, आणि ट्रॅक्टर जिथे जिथे हलेल तिथे तिथे पातं वरखाली होतं. लिव्हर पूर्ण खाली सोडा. मोवरने स्वतःच्या चाकांवरच चाललं पाहिजे. उंची त्या चाकांच्या पिनने ठरवायची. टॉप लिंक, म्हणजे मोवरला वरून ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा, थोडी सैल हवी, म्हणजे उंचवट्यावर मोवर आपोआप वर जातो. बाजूच्या साखळ्या मात्र इतपत ताणा की मोवर डोलणार नाही.

पीटीओ शाफ्टची लांबी नव्या मोवरसोबत एकदा तपासाच. मोवर हळूहळू वर-खाली करताना शाफ्टच्या दोन नळ्या एकमेकींवर टेकून अडता कामा नयेत, आणि पूर्ण ताणल्यावर निम्म्याहून जास्त सुटताही कामा नयेत. एकाच क्लचवर चाकं आणि पीटीओ दोन्ही असलेल्या जुन्या धाटणीच्या ट्रॅक्टरला ओव्हररनिंग क्लच बसवून घ्या. नाहीतर क्लच दाबल्यावरही फिरती पाती ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतात.

## टप्पा ४: लॉन साफ करा

लग्नाच्या लॉनवर हा टप्पा सर्वात महत्त्वाचा, आणि तोच घाईत उरकला जातो. मंडपाच्या तुटलेल्या खुंट्या, बाइंडिंग वायर, हाराची तार, डेकोरेशनचे खिळे, बाटल्यांची झाकणं, नारळाच्या करवंट्या, सुतळी, गालिच्याखालच्या यू-पिना. सुतळी आणि तार पात्याच्या बोल्टभोवती गुंडाळली जाते. खिळा पात्याला लागला तर बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो.

आधी उभ्या-आडव्या दोन फेऱ्या चालत जा, दोन माणसं हातभर अंतराने. मग लोहचुंबकाची पट्टी दोरीला बांधून जमिनीलगत फिरवा. स्टेज आणि बुफेच्या जागी दोनदा. स्प्रिंकलरची डोकी, व्हॉल्व्ह बॉक्सची झाकणं, गार्डन लाइटच्या वायरी, ड्रिपच्या नळ्या जिथे असतील तिथे बांबूची काठी आणि लाल कापड लावा. उंचवट्यांनाही तीच खूण करा.

कापणी सुरू असताना लॉनवर कोणी नको, लहान मुलं तर नजरेच्या टप्प्यातही नकोत. चालकाने उपरणं, ओढणी, सैल शर्ट घालू नये. पीटीओवर कव्हर नसेल तर काम सुरूच करू नका.

## टप्पा ५: उंची ठरवा

नियम साधा: एका वेळी पानाच्या उंचीचा एक-तृतीयांश भागच कापायचा. चार सेंटिमीटर राखायची असेल तर सहा झाल्यावर कापा.

हरळीच्या ‘सिलेक्शन वन’ जातीला अडीच ते चार सेंटिमीटर मानवतं, मेक्सिकन लॉनला तीन ते पाच, रुंद पानाच्या कार्पेट ग्रासला चार ते सहा. पण हे आकडे अगदी सपाट जमिनीचे. आपल्या बहुतेक लॉन्स तशा नसतात. ट्रॅक्टरने कापताना चार सेंटिमीटरच्या खाली जाऊ नये असंच मी सांगेन. झाडाच्या सावलीत अजून एक सेंटिमीटर जास्त.

समारंभ आला की मालक म्हणतो, ‘एकदम बारीक मारा, स्वच्छ दिसू दे.’ बारीक मारल्यावर हिरवं पान निघून जातं आणि खालच्या तपकिरी काड्या उघड्या पडतात. मेक्सिकनमध्ये हे फार लवकर होतं, कारण तिच्यात वाळक्या काड्यांचा थर दाट असतो. अशी लॉन फोटोत वाळलेली दिसते. समारंभाच्या दोन दिवस आधी नेहमीच्याच उंचीवर कापा, दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं पाणी द्या आणि मग मंडपवाला येईपर्यंत पाणी बंद ठेवा.

पावसाळ्यात वाढू दिलेलं गवत पंधरा सेंटिमीटरवर गेलं असेल तर आधी दहावर, चार-पाच दिवसांनी सातवर, मग हव्या उंचीवर आणा. डिसेंबर-जानेवारीत, विशेषतः निफाडसारख्या कडक थंडीच्या भागात, ही गवतं जवळपास झोपतात. तेव्हा कापणी लांबवा आणि उंची वाढवा.

## टप्पा ६: पट्ट्यांची आखणी करा

ट्रॅक्टर वळायला जागा लागते, आणि शेजारच्याच पट्ट्यात वळायचं म्हटलं की चाक मोडून मुरडावं लागतं. म्हणून शेजारचा पट्टा कधीच लगेच घ्यायचा नाही.

चार फुटी मोवरने पट्ट्यावर पट्टा थोडा चढवला तर दर फेरीला साधारण १०५ सेंटिमीटर नवं गवत कापलं जातं. छोट्या ट्रॅक्टरला सैल वळण घ्यायला पाच-सहा मीटर रुंदी लागते. म्हणून बारा पट्ट्यांचा एक तुकडा धरा आणि या क्रमाने जा: १, ७, २, ८, ३, ९, ४, १०, ५, ११, ६, १२. प्रत्येक वळण पाच किंवा सहा पट्ट्यांएवढं रुंद मिळतं. चालकाला हे आकडे तोंडपाठ करायला लावू नका. कडेला बारा ठिकाणी चुन्याची टिंबं टाका, पुरे.

दोन्ही टोकांना वळायला सहा मीटर जागा सोडा. ती जागा शेवटी आडवी कापायची, म्हणजे वळणाच्या खुणाही झाकल्या जातात. टोकाला पेव्हर ब्लॉकचा रस्ता असेल तर तिथे वळा. खडी किंवा मुरूम असेल तर पीटीओ बंद करूनच तिथे जा.

मागच्या वेळी उत्तर-दक्षिण गेला असाल तर या वेळी पूर्व-पश्चिम, त्यानंतर तिरकं. दिशा वहीत लिहून ठेवा. एकाच चाकोरीतून दर आठवड्याला गेलेल्या ट्रॅक्टरचे पट्टे वर्षभरात डोळ्यांना दिसतात, कोरड्या जमिनीवरसुद्धा.

## टप्पा ७: कापणी

१. मोवर खाली टेकलेला, इंजिन हळू. पीटीओ लावा, मग हँड थ्रॉटलने मीटरवरच्या ५४० च्या (पीटीओचे मिनिटाला फेरे) खुणेपर्यंत आणा. पाती पूर्ण वेगात आल्यावरच पुढे निघा.

२. वेग कमी करायचा असेल तर गिअर उतरवा, थ्रॉटल नाही. डिझेल वाचवण्यासाठी थ्रॉटल कमी ठेवणारे खूप आहेत. पात्याचा वेग उतरला की धारदार पातंही गवत फाडतं. ताशी चार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे माणसाच्या चालीने चला. त्या वेगाने तासाला पंचवीस-तीस गुंठे सहज होतात.

३. पहिले पाच मीटर कापून थांबा, पीटीओ काढा, पाती थांबू द्या, उतरा. चार ठिकाणी पट्टीने उंची मोजा. कोब्यावरचं माप आणि लॉनवरचं माप यांत फरक पडतोच, कारण मोवरची चाकं गवतात थोडी बुडतात.

४. गवत बाजूला फेकणारा मोवर असेल तर फेक नेहमी कापून झालेल्या भागाकडे ठेवा.

५. झाडाच्या बुंध्यापासून, कुंड्यांपासून, कुंपणापासून दीड-दोन फूट सोडून चला. ती कड नंतर ब्रश कटरने घ्या. ती ट्रॅक्टरने काढायच्या नादात पुढे-मागे करताना जितकं गवत खरवडतं तितकं दुसरीकडे कुठेही नाही.

६. उतारावर आडवं जाऊ नका, वर-खाली जा. बसल्या जागी ट्रॅक्टर कलतो असं वाटलं की तो भाग सोडून द्या आणि हाताने कापा.

थांबा. फोन आला म्हणून ट्रॅक्टर लॉनवर चालू ठेवून उभं राहू नका. सायलेन्सरचं तोंड खाली असेल तर त्याखालचं गवत काही मिनिटांत भाजतं.

## टप्पा ८: वळणं

पट्टा संपायच्या दोन मीटर आधी वेग उतरवा. वेग वळणात शिरल्यावर नव्हे, आधी कमी करायचा. चाकं फिरत असतानाच स्टिअरिंग हळूहळू वळवा. उभ्या ट्रॅक्टरची चाकं जागेवर मुरडली की पुढचा टायर गवताला वर्तुळात घासतो. वळण बसत नाही असं दिसलं तर जोर लावू नका. सरळ पुढे जा, थांबा, पीटीओ काढून मोवर जरासा उचला, सरळ मागे या आणि पुन्हा रुंद घ्या.

रुंद वळणात मोवर उचलू नका, उचलला की त्याचा सगळा भार मागच्या चाकांवर येतो. दर दोन-तीन वळणांनंतर मागे वळून जमीन बघा. गवत सरकलेलं किंवा माती दिसली तर वळणाची जागा बदला. दुसऱ्यांदा त्याच ठिकाणी वळलात तर तिथे नव्याने लागवड करावी लागेल.

## टप्पा ९: कापल्यानंतर

पातळ पसरलेलं कापलेलं गवत राहू द्या, कुजून खतच होतं. पण जाड ओळी किंवा गोळे पडले असतील तर त्याच दिवशी दाताळ्याने उचला. दोन दिवस राहिले तर खालची हिरवळ पिवळी पडते. मोवरची खालची बाजू खरवडून साफ करा, चिकटलेल्या थरामुळे पुढच्या वेळी गवत नीट फेकलं जात नाही. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी द्या.

समारंभानंतर गालिचे काढल्या काढल्या ट्रॅक्टर घालू नका. दबलेलं गवत पाणी दिल्यावर उभं राहायला दोन-तीन दिवस घेतं. आडव्या पडलेल्या गवतावर पाती फिरली की कुठे कापलं, कुठे सुटलं, असा ठिगळांचा प्रकार होतो.

## टप्पा १०: नुकसान झालंच तर

चाकोरी पडली की बहुतेक जण रोलर मागवतात. ते करू नका. रोलर उंचवटा दाबतो, म्हणजे दाबलेल्या मातीशेजारची माती पण दाबून ठेवतो.

चाकोरी उथळ असेल, दोन सेंटिमीटरच्या आत, तर वाफसा आल्यावर काट्याचं फावडं चार इंच खोल, चार-चार इंचांवर घाला आणि दांडा हलकेच मागे दाबून माती किंचित उचला. भोकांत आणि वर रेती, चाळलेली माती आणि कुजलेलं शेणखत यांचं मिश्रण भुरभुरवा. एका वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पानांची टोकं दिसत राहिली पाहिजेत. खड्डा उरला तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एक थर द्या.

खोल चाकोरी असेल तर वरून माती भरून उपयोग नाही. फावड्याने हिरवळीची पट्टी मुळांसकट दोन इंच जाडीची काढून बाजूला ठेवा, खालची माती वीतभर मोकळी करा, समतल करा, पट्टी परत बसवा आणि पाणी द्या.

वळणावर टक्कल पडलं असेल तर हरळीच्या काड्या तीन-चार इंचांवर टोचा. जून ते सप्टेंबरमध्ये त्या भराभर पसरतात, थंडीत फार हळू. मेक्सिकन मुळातच सावकाश वाढते, तिथे हिरवळीच्या तयार गादीचा तुकडा बसवणं बरं. लावलेल्या जागेभोवती काठ्या आणि दोरी बांधा, आणि पुढचे चार ते सहा आठवडे ट्रॅक्टर तिथून जाऊ देऊ नका. गादीने मुळं धरली की नाही हे पाहायला तिचा कोपरा हलक्या हाताने वर ओढा. तो उचलला गेला तर दोरी अजून आठवडाभर राहू द्या आणि तेवढा भाग हातमोवरनेच कापा.